पहिल्यासारखं एक होऊन जाऊ दे

गायकाला आपण लोक दोन वाक्यांत मारतो, असं हल्ली माझं मत झालं आहे. पहिलं वाक्य, "वा, काय गायलास!" आणि दुसरं वर्ष-दोन वर्षांनी, "पहिल्यासारखं नाही हो राहिलं." मधल्या काळात त्या माणसाने काय ऐकलं, काय सोसलं, कुठल्या नोकरीत किती तास घातले, याची चौकशी कुणी करत नाही. आपल्याला आपलं पहिलंच हवं असतं, गरम करून.

तर आजचा विषय दुसऱ्या अल्बमचा. सत्तरी उलटलेल्या मराठीच्या बाईने पॉप गाण्यांवर लिहायचं म्हणजे काहींना गंमत वाटेल. वाटू दे. चौतीस वर्षं वर्गात निबंध तपासलेत मी. मुलाचा पहिला चांगला निबंध आणि त्याच्यानंतरचा निबंध, या दोहोंमध्ये काय घडतं ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं एखाद्या कॅसेट कंपनीलाही नसेल. शिवाय या विषयावर लिहायला मला घरातलंच एक कारण मिळालं आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी 'गारवा'कडे जाऊ.

१९९८ साली 'सागरिका'ने 'गारवा' काढला. कविता सौमित्र यांच्या, म्हणजे किशोर कदम यांच्या. चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. मराठीत तोवर भावगीत होतं, नाट्यगीत होतं, लावणी होती, भीमगीतं होती, आणि सिनेमातली गाणी तर होतीच. पण कवी आधी आपल्या आवाजात कविता बोलतो आणि मग त्यातून गाणं सुरू होतं, हे कॅसेटवर असं पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी ऐकलं. भावगीतांच्या कार्यक्रमात निवेदक असायचा, तो कवीची ओळख करून द्यायचा. इथे कवी स्वतःच दारात उभा! आवाज म्हणाल तर घोगरा, कुणाशी तरी हळू बोलत असल्यासारखा. मागे गिटार. आमच्या पिढीला गिटार म्हणजे काहीतरी ख्रिसमसचं वाद्य वाटायचं. ती मराठी पावसाच्या मागे अशी बसली की खटकलीच नाही.

आता हे सोलापुरात ऐकणं म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून कळणार नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. गारवा हा शब्द आम्ही माठाखालच्या वाळूबद्दल वापरतो, नाहीतर कडुनिंबाखालच्या बाकड्याबद्दल. पाऊस हा प्रेमाचा नव्हे, पेरणीचा विषय. त्या वर्षी मी शहरात पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवत होते. घरी बोलायला तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, अशी ती नववीतली मुलं. त्यांच्या तोंडी मधल्या सुट्टीत 'गारवा'. शिक्षकांच्या खोलीत आमचे एक सहकारी म्हणाले, "बाई, तुमच्या कवितांच्या तासाला जे जमलं नाही ते या कॅसेटने केलं." मला राग आला नाही. खरंच होतं ते.

मग पुढे काय? 'गारवा'चा आवाज १९९९ मध्ये एकदम हिंदीत ऐकू आला. 'राजश्री'वाल्यांचा 'ये है प्रेम' नावाचा अल्बम. तेच ते 'हम आपके हैं कौन'वाले राजश्री. पडद्यावर अब्बास आणि प्रीती झंगियानी, आणि सोबत एक खेळण्यातला कोआला. तो कोआला तेव्हा कॉलेजच्या पोरींच्या बॅगांना लोंबकळायला लागला होता. गाणी गोड होती, गाजलीही. पण माझं मत विचाराल तर ती वाढ नव्हती, तो विस्तार होता. शेतकरी शेजारचा तुकडा विकत घेतो तसा. त्यात काही वाईट नाही. घर चालवायचं असतं, हिंदीचा बाजार मोठा असतो, आणि गायकाने फक्त मराठीतच गावं असं कुणी ताम्रपटावर लिहून दिलेलं नाही. फक्त जमीन वाढणं वेगळं आणि आहे त्याच जमिनीत विहीर खणणं वेगळं.

विहीर खणली ती 'सांजगारवा'मध्ये. पुन्हा तेच दोघे, तीच पद्धत, बोललेली कविता आणि मग गाणं. नावातही 'गारवा' कायम ठेवलेला. त्यावर तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. "उरलेलं विकायला काढलंय," असं आमच्याच घरात एक पाहुणे म्हणाल्याचं आठवतं. मला उलटं वाटलं. नाव पूर्ण बदलून टाकणं सोपं होतं. तोच शब्द ठेवून त्याच्यामागे 'सांज' लावणं अवघड होतं, कारण मग ऐकणारा तुलना करणारच. आणि तुलना केल्यावर काय सापडतं? पहिल्यात उन्हानंतरचा पाऊस आहे, सगळं नुकतंच घडतंय. दुसऱ्यात वेळ पुढे सरकली आहे, दिवस संपत आला आहे. जे घडायचं ते घडून गेलंय, आणि आता त्याच्याकडे वळून पाहणं चाललंय. माणूस तोच, आवाज तोच, ऊन तेवढं कललं. मला विचाराल तर गायकाच्या वाढीची याहून सरळ खूण दुसरी नाही.

आणि तरीही सांगते, आमच्या ओळखीच्या दहा जणांना विचारलं तर नऊ जण 'गारवा'च म्हणतील. दहावी मी.

यावरून मला एक मुलगी आठवते. नाव लिहीत नाही, आता ती चांगली संसारी बाई असेल. वडील यंत्रमागावर. 'माझे घर' या विषयावर तिने निबंध लिहिला तो सगळा मागाच्या आवाजाचा. खटखट अशी नि तशी, आई त्या आवाजात भाकरी थापते, धाकटा भाऊ त्या आवाजातच झोपतो, आवाज थांबला की दचकून उठतो. व्याकरणाच्या चुका बावीस, पण मी तो वर्गात वाचून दाखवला. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या वर्गात वाचला. झालं, पोरगी प्रसिद्ध! पुढच्या चाचणीला विषय होता 'एक रात्र'. बाकीच्या मुलांनी चांदण्याबिंदण्या लिहिल्या. तिने पुन्हा मागच लिहिला. वर्गातली मुलं हसली, "हिला मागच येतो." पण या वेळी माग बंद होता. भारनियमनात वीज गेलेली आहे, सगळी गल्ली गप्प आहे, आणि वडील अंधारात बसून बोटांवर काहीतरी मोजतायत. इतकी वर्षं झाली, त्या मोजणाऱ्या बोटांचं वाक्य मला अजून दिसतं. पहिल्या निबंधात तिने आम्हाला घर दाखवलं होतं. दुसऱ्यात त्या घराला काय खर्च येतो ते दाखवलं. विषय एकच. 'सांजगारवा' ऐकताना मला ती आठवली, की तिचा निबंध तपासताना 'सांजगारवा', हे आता सांगता येणार नाही. असो.

दुसरा अल्बम अवघड का जातो, याचं उत्तर तसं साधं हिशेबाचं आहे. पहिल्या अल्बममागे माणसाचं आजवरचं सगळं आयुष्य असतं. शाळेतली वही, कॉलेजातलं फसलेलं प्रेम, गणपतीत म्हटलेलं पहिलं गाणं, आईचं गुणगुणणं, सगळं. वीस-पंचवीस वर्षं साठवलेलं आठ गाण्यांत ओतायचं. दुसऱ्याला मिळतं वर्ष, फार तर दोन. त्यातलं निम्मं पहिल्या अल्बमची गाणी गावोगाव गात फिरण्यात जातं. मग कंपनी म्हणते, दिवाळीला बाजारात यायला पाहिजे. आता एवढ्यात माणूस नवीन काय जगणार? जगतो ते हॉटेल, स्टेज आणि बस.

बसवरून आठवलं. पुण्यातली माझी नात ॲडेल नावाच्या इंग्लंडच्या गायिकेची भक्त आहे. मला शब्द पुरते कळत नाहीत, पण आवाज कळतो, आवाजाला व्याकरण लागत नाही. या बाईने आपल्या अल्बमांना वयाची नावं दिली. पहिला '१९', २००८ मध्ये आला. दुसरा '२१', २०११ मध्ये. नंतर '२५' आणि '३०'. मला ही कल्पना फार आवडली. हजेरीपटावर वय लिहितात तसं. दुसऱ्या अल्बमच्या आधी ती अमेरिकेत दौऱ्यावर होती, आणि त्यांच्या बसचा चालक तिला तिकडची जुनी गाणी, कंट्री वगैरे, ऐकवायचा. ते तिच्या कानात राहिलं आणि '२१'मध्ये उतरलं. तीन कोटींवर प्रती खपल्या, २०१२ मध्ये ग्रॅमीची सहा पारितोषिकं एका रात्रीत. खपाचे आकडे नातीने सांगितले, मला मात्र त्या चालकाचं कौतुक वाटलं. बसमध्ये बसून दुसरे लोक डुलक्या घेतात, ही ऐकत होती.

आमच्या इकडे याच्या उलटही पाहिलंय. दलेर मेहंदीचं 'बोलो तारा रारा' १९९५ साली आलं तेव्हा सोलापुरातली एक वरात त्याच्याशिवाय पुढे सरकत नव्हती. पुढच्याच वर्षी 'दर्दी रब रब'. साचा तोच, पगडी तीच, अंगरखा तोच, आणि तेही धडाक्यात चाललं! म्हणजे पुनरावृत्ती केली की आपटतोच असंही नाही. त्याआधी नाझिया हसन. 'कुर्बानी'तल्या गाण्याने १९८० मध्ये घराघरांत पोचली, १९८१ ला 'डिस्को दीवाने' आणि १९८२ ला 'बूम बूम'. पहिला अल्बम आला तेव्हा पोरगी सोळा वर्षांची. सोळाव्या वर्षी पहिला आणि सतराव्या वर्षी दुसरा! यात वाढ ती काय शोधायची? वाढायला मधे एखादा पावसाळा तरी जायला नको का?

इथे कुणीतरी म्हणेल, बाई, तुमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. तिथे शेकडो वर्षं तेच अभंग, तोच हरिपाठ. कीर्तनकाराला कुणी विचारतं का, दुसरा अल्बम कधी? बरोबर आहे, हा मुद्दा मला स्वतःलाच बरेच दिवस छळत होता. पण नीट ऐका. वारीत तोच अभंग विशीतला पोर म्हणतो आणि तोच सत्तरीतला म्हातारा म्हणतो. शब्द बदलत नाहीत, म्हणणारा बदललेला असतो, आणि ते ऐकू येतं. अरुण दाते यांचंही तसंच. 'शुक्रतारा' हे गाणं मंगेश पाडगावकरांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची. ते दात्यांनी आयुष्यभर गायलं. त्यांच्या कार्यक्रमाला तेच नाव पडलं. तरुणपणच्या ध्वनिमुद्रणात त्यातला आनंद ताजा आहे. उतारवयात स्टेजवर म्हणायचे तेव्हा श्वास कमी पडायचा, पण शब्दाला जपून हात लावल्यासारखं म्हणायचे. तीही वाढच. २०१८ साली ते गेले. जाता जाता, आमच्या गिरणीवाल्या गावाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट, दाते मूळचे टेक्स्टाइल इंजिनिअर. वर्षानुवर्षं कापडाची नोकरी सांभाळून गायले.

म्हणजे माझं म्हणणं नवीन करा, नवीन करा असं नाही. केवळ वेगळं दिसावं म्हणून केलेलं वेगळेपण मला वर्गातही आवडायचं नाही. निबंधात मुद्दाम अवघड शब्द पेरणारी मुलं असतात ना, तसं ते. माझा प्रश्न एवढाच असतो की हे दुसरं गाणं म्हणणाऱ्याला पहिल्या गाण्यानंतर काही समजलं आहे का? समजलं असेल तर तोच सूर लावला तरी चालेल. नसेल समजलं तर विदेशातून वाजवणारे आणले तरी काय उपयोग.

आमच्याच सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या, गाण्याचं नाही, सिनेमाचं आहे, पण चालेल. करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे. पहिला मोठा सिनेमा 'फॅन्ड्री', २०१४ मध्ये थिएटरात आला. त्यात जब्याच्या बापाचं, कचरूचं काम कुणी केलं? किशोर कदम! 'गारवा'च्या त्याच कवीने. पावसाच्या कविता बोलणारा माणूस डुकराच्या मागे धावताना, गावासमोर लाचार होताना बघून मी खुर्चीत आखडले होते. कॅसेटवरचा तो हळू आवाज इथे जवळजवळ नाहीच, नुसती वाकलेली पाठ. वाढ म्हणतात ती कधीकधी अशी दुसऱ्याच गल्लीतून येते. आणि मंजुळ्यांचा दुसरा मोठा सिनेमा 'सैराट', २०१६ चा. चित्रीकरण करमाळ्याकडचं, संगीत अजय-अतुलचं, काही भाग थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदासह मुद्रित केलेला. 'झिंगाट'वर अख्खा महाराष्ट्र नाचला. पण ज्या सिनेमाने एवढा आवाज केला त्याचा शेवटचा प्रसंग आठवा. तिथे आवाजच काढून घेतलाय. थिएटरात नाचायला आलेली पोरं मान खाली घालून बाहेर पडताना मी पाहिलीत. "फॅन्ड्रीसारखा नाही" असं म्हणणारे होते, आणि "झिंगाटवरच थांबायला पाहिजे होतं" म्हणणारेही होते. दोघांचं ऐकलं असतं तर सिनेमा झाला नसता.

आता घरचं कारण.

आम्ही गेली काही वर्षं चिंचोळी एमआयडीसीत राहतो, हे आपल्या मंडळींना माहीत आहेच. मुलाची छोटी शेड, तिच्यामागे आमच्या खोल्या. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज, पाकणीकडे जाणारे तेलाचे टँकर, रात्री कुठल्यातरी कारखान्यातला प्रेसचा ठोका. नातू, म्हणजे मुलाचा मुलगा, जवळच्याच एका कारखान्यात सीएनसी मशिनवर आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी पाच गाणी केली. मित्राच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून रेकॉर्ड केली, नि टाकली यूट्यूबवर. त्यातलं एक गणपतीचं, ढोल-ताशाचं, ते चाललं. चाललं म्हणजे असं की मिरवणुकीत टेम्पोवर वाजलं, आणि आपल्या यच्चयावत नातेवाईकांनी फोनला लावलं. बार्शीच्या आत्यापासून ठाण्याच्या मेव्हण्यांपर्यंत कुणालाही फोन करा, आधी आमचा नातू ओरडायचा. मला अभिमान होता. आजही आहे.

या वर्षी त्याने चार नवीन गाणी केली. ढोल नाही. पेटी, गिटार, आणि मधूनमधून मशिनचा आवाज, तोही त्याने कारखान्याबाहेर भिंतीला फोन लावून धरलेला. एक गाणं भोंग्यावर आहे. त्याच्या पणजोबांच्या वेळी जुन्या मिलचा भोंगा झाला की अख्खं शहर घड्याळ लावायचं. ते त्याने माझ्याकडून ऐकलेलं. आता त्या गिरण्या बंद, भोंगा नाही, बोटाचा ठसा देऊन आत जायचं. एक गाणं रातपाळी संपवून पहाटे मोटारसायकलवरून येणाऱ्या पोराचं. हेल्मेटच्या आत तो स्वतःशीच बोलतो. या गाण्यात तो जवळजवळ गातच नाही, बोलतो. मी त्याला 'गारवा' कधी ऐकवला नव्हता. त्याच्या बापाच्या जुन्या कॅसेटीतून त्याला सापडला असेल, किंवा नसेलही.

आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर यावर काय आलं ते सगळ्यांनी वाचलंय. "छान, पण जरा उदास आहे." "नाचण्यासारखं नाही." "कुणी आजारी आहे का घरात?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "पहिल्यासारखं एक होऊन जाऊ दे!" हात जोडलेली चिन्हं, फुलं. कुणाचा हेतू वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती सांगते, कारण ती घरात लपवून ठेवण्यासारखी नाही असं मला वाटतं. शहरातलं एक मंडळ त्याच्याकडे आलं होतं. पहिल्यासारखंच गाणं हवं, मंडळाचं नाव घालून, आणि विसार म्हणून पंचवीस हजार रुपये टेबलावर ठेवले. पोराने दोन दिवस ठेवले आणि परत नेऊन दिले. म्हणाला, "काका, ते गाणं माझ्याकडे आता नाहीये." त्याच्या बापाचा संताप झाला. होणारच! शेडचं कर्ज आहे, हप्ता कुणाला चुकलाय. "एक गाणं तर करायचंय, बे! तुझी काय किडनी मागतायत का?" तीन दिवस बापलेक एकाच ताटलीतली शेंगाचटणी एकमेकांकडे न बघता घेत होते.

मी मुलाची बाजूही धरते. पैशाची गरज खोटी नाही, आणि दलेर मेहंदीचं उदाहरण मी वर दिलंच आहे, साच्यातलं गाणं करणं हे पाप नव्हे. नातवाने ते गाणं केलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याने केलं नाही, आणि नाही म्हणताना त्याने जे वाक्य म्हटलं ते मला नीट कळलं. आता नाहीये. खोटं बोलत नव्हता तो. मशिनसमोर आठ तास उभा राहून, कूलंटच्या वासात, त्याच्यातलं ते मिरवणुकीचं गाणं खरंच संपलं असेल. तिथे दुसरं काहीतरी यायला लागलंय, आणि ते अजून पुरतं आलेलं नाही. अशा वेळी चोवीस वर्षांच्या पोराला चाळीस नातेवाईक मागच्या गाण्याकडे ओढत असतील, तर त्याने पुढे जायचं कुठल्या बळावर?

पूर्वी कॅसेट विकत घेतली की बरं असायचं. एका गाण्यासाठी घेतलेली असली तरी पैसे मोजलेत म्हणून उरलेली सात ऐकावीच लागत. पुढे पळवायला गेलं तर टेप गुंतायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला 'ब' बाजूचं कुठलं तरी मुकाट गाणं हळूच आवडायला लागायचं. आता पंधरा सेकंदांत अंगठा वर जातो. 'सांजगारवा' आज आला असता तर पंधरा सेकंदांत त्यातल्या कवीचं अर्धं वाक्यसुद्धा झालं नसतं.

म्हणून नातेवाईकांना माझी एक विनंती आहे, बाईंचा गृहपाठ समजा. चारही गाणी एकदा सलग ऐका, काम करता करता नको. भोंग्याचं गाणं आपल्या थोरल्यांनी नक्की ऐकावं. ज्यांनी जुन्या मिलचा भोंगा कानाने ऐकलाय अशी माणसं आपल्या घरात आता मोजकीच उरलीत, आणि त्यांनी त्याला सांगावं की भोंगा तसाच होता की नाही. हे त्याच्या उपयोगाचं आहे. "छान" हे उपयोगाचं नाही. आणि नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, पण का ते सांगा. "पहिल्यासारखं" हा शब्द सोडून.

मी माझं सांगून टाकलंय. रातपाळीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात तो 'सांजवेळ' म्हणतो. मी विचारलं, "हा शब्द आपल्या घरात कोण म्हणतं रे? आपण दिवेलागण म्हणतो. तुझी आई म्हणते, मी म्हणते, कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा म्हणतो. 'सांजवेळ' तू कुठून उचललास?" तो म्हणाला, "आज्जी, दिवेलागण मीटरमध्ये बसत नाही." मी म्हटलं, मग मीटर बदल. तिसऱ्या गाण्याचा शेवटही लांबलाय, आणि एका ठिकाणी 'ण'चा 'न' झालाय, तो पूर्व भागातल्या माझ्या मुलांचाही व्हायचा. त्याने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी आहे, रात्री साडेअकराला येतो. काल जेवताना ताटाच्या कडेवर बोटं आपटून काहीतरी मोजत होता. सहा आणि पाच, सहा आणि पाच. दिवेलागण बसवायचं चाललं होतं बहुतेक. मी विचारलं नाही, ताक वाढलं.